प्राध्यापकांसाठी मल्टिमीडिया प्रकल्प: बदल कागदावर होऊ द्या, टाइमलाइनवर नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाचे तीन विद्यार्थी शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापिकांसाठी काम करत आहेत. मूत्रपिंडाच्या कार्यावर प्रत्येकी ८ मिनिटांचे ६ व्हिडिओ आणि एक इंटरॲक्टिव्ह आकृती १० आठवड्यांत हवी आहे. पहिला व्हिडिओ चार वेळा बदलून झाला, तरी मॅडमचं समाधान होत नाही. आणि विचारलंय एवढंच, की ॲनिमेशनसाठी आफ्टर इफेक्ट्स (मुख्यतः द्विमितीय कामाचं सॉफ्टवेअर) घ्यावं की ब्लेंडर (मुख्यतः त्रिमितीय कामाचं).

सॉफ्टवेअरचं आधी सांगून टाकतो. तुमच्यापैकी किमान दोघांना जे नीट येतं आणि ज्याची फाइल पुढच्या वर्षी विभागातल्या कुणाला तरी उघडता येईल, ते घ्या. नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातला रक्त गाळणारा सूक्ष्म घटक, समजावायला सपाट द्विमितीय आकृती पुरते, किंबहुना ती जास्त स्पष्ट असते. त्रिमितीत काम केलं तर मॉडेल, प्रकाशयोजना आणि रेंडरिंग (संगणकाकडून अंतिम चित्र तयार करून घेणं) यांतच तुमचे आठवडे जातील आणि विद्यार्थ्याच्या समजेत फारशी भर पडणार नाही.

चार वेळा बदल होण्याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नाही. मॅडमना नेमकं काय शिकवायचंय हे त्यांना पहिल्यांदा तुमचा तयार व्हिडिओ बघताना कळतंय. यात त्यांचा दोष नाही. वर्गात त्या बोलता बोलता फळ्यावर दुरुस्ती करतात, समोरच्या चेहऱ्यांकडे बघून उदाहरण बदलतात. व्हिडिओत ही सोय नसते, म्हणून त्यांची सगळी दुरुस्ती तुमच्या टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या संकलनाच्या पट्टीवर, येऊन पडते, आणि तिथे प्रत्येक वाक्याची किंमत तासांत मोजावी लागते. ही दुरुस्ती आधी कागदावर करून घेणं हेच तुमचं खरं काम आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. हे काम क्रेडिटसाठी आहे, मानधनावर आहे की नुसती मदत म्हणून, यावर तुम्ही किती ठामपणे ‘नाही’ म्हणू शकता ते अवलंबून आहे. व्हिडिओ फक्त नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांना दिसणार की सर्वांसाठी खुले राहणार, यावर चित्रांच्या हक्कांचा प्रश्न बदलतो. तुम्ही केलेल्या कामाची मालकी कुणाची, हे प्रत्येक विद्यापीठाच्या धोरणानुसार वेगळं असतं. ते धोरण मागून घेऊन वाचा.

आता हिशोब. ६ गुणिले ८ म्हणजे ४८ मिनिटं. साध्या द्विमितीय ॲनिमेशनला विद्यार्थ्यांच्या हातून एका तयार मिनिटामागे १० ते १५ तास लागतात असं मी धरतो. म्हणजे ४८० ते ७२० तास. तुम्ही तिघांनी इतर अभ्यास सांभाळून आठवड्याला प्रत्येकी १० तास दिले, तर १० आठवड्यांत ३०० तास होतात. त्यातले १०० तास संहिता, दुरुस्त्या, इंटरॲक्टिव्ह आकृती आणि हस्तांतरणासाठी बाजूला ठेवा. उरले २०० तास, त्यात १२ तासांच्या हिशोबाने साधारण १६ मिनिटं होतात. ४ मिनिटांचे ४ व्हिडिओ. हा आकडा मॅडमसमोर हिशोबासकट ठेवा. ‘जमणार नाही’ असं म्हटलं की वाद होतो. तासांचा तक्ता समोर ठेवला की काय वगळायचं यावर बोलणं सुरू होतं.

लहान व्हिडिओमुळे मॅडमचं नुकसान नाही. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला, तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ जास्तीत जास्त ६ मिनिटं आढळला. शिवाय सगळं हलतं असायलाच हवं असं नाही. स्थिर आकृतीवर मॅडम पेनने दाखवत बोलतात, असा भाग २-३ तासांत मिनिटभर तयार होतो. १६ मिनिटं कमीच वाटत असतील, तर वाढ इथून करा.

संख्या ठरली की एका पानाचा लेखी करार करा. तो कायदेशीर भाषेत नको, ईमेलही चालेल. त्यात चार गोष्टी हव्यात: अंतिम निर्णय कुणाचा, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, कोणत्या टप्प्यानंतर कोणता बदल घेतला जाणार नाही, आणि मॅडमनी किती दिवसांत उत्तर द्यायचं. निर्णय एकाच व्यक्तीचा असावा. विभागातले आणखी दोन प्राध्यापक सूचना देणार असतील, तर त्या मॅडमकडून गाळून तुमच्यापर्यंत येऊ द्या, नाहीतर परस्परविरोधी सूचनांमध्ये निवड करण्याची वेळ तुमच्यावर येते. फेऱ्या दोन पुरतात: एक संहितेवर, एक ॲनिमॅटिकवर, म्हणजे आवाजासह लावलेल्या कच्च्या चित्रांवर. तयार झालेल्या अंतिम व्हिडिओवर फक्त चूक दुरुस्त होईल, पसंती-नापसंतीचे बदल होणार नाहीत. हा फरक करारातच उदाहरणासह लिहा: बाणाची दिशा उलटी आहे ही चूक, बाण निळ्याऐवजी हिरवा हवा ही पसंती.

संहितेवर सगळ्यात जास्त वेळ घाला. मॅडमना पहिला प्रश्न ‘व्हिडिओत काय दाखवायचं?’ असा विचारू नका. ‘हा व्हिडिओ बघून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे?’ असं विचारा. ‘नेफ्रॉनचं कार्य समजणं’ हे उत्तर चालत नाही, कारण ते तपासता येत नाही. ‘रिकाम्या आकृतीवर पाणी कुठेकुठे परत शोषलं जातं ते दाखवता येणं’ हे चालतं. असं एक वाक्य प्रत्येक व्हिडिओच्या संहितेच्या डोक्यावर लिहून ठेवा. पुढे कुणी ‘डायलिसिसबद्दलही दोन वाक्यं टाकू या’ म्हटलं, तर त्या वाक्याकडे बोट दाखवता येतं.

संहिता दोन रकान्यांत लिहा, डावीकडे ऐकू येणारे शब्द आणि उजवीकडे त्या क्षणी दिसणारं चित्र. मराठी निवेदन मिनिटाला १०० ते १२० शब्दांच्या गतीने सुखद वाटतं, म्हणजे ४ मिनिटांना साधारण ४४० शब्द. मॅडमच्या नोट्स १,२०० शब्दांच्या असतील, तर कापाकापी इथेच होऊ द्या. मग संहिता मोठ्याने वाचून घड्याळ लावा, आणि शक्य असेल तर मॅडमनाच वाचायला सांगा. डोळ्यांनी वाचताना जे वाक्य ठीक वाटतं, ते बोलताना श्वासाला पुरत नाही. पुस्तकी वाक्यं इथे आपोआप तुटतात. उदाहरणार्थ, ‘दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, पण मूत्र मात्र दीड-दोन लिटरच तयार होतं. मग बाकीचं पाणी गेलं कुठे?’ ही सुरुवात व्याख्येपेक्षा चांगलं काम करते, कारण पुढचं सगळं चित्र त्या प्रश्नाचं उत्तर बनतं.

याच टप्प्यावर मॅडमकडून प्रत्येक चित्रासाठी एक यादी मागा: या आकृतीत कोणत्या तीन गोष्टी बिनचूक असल्याच पाहिजेत? हे विचारलं नाही, तर डिझाइनरचा चांगला हात विषयाचं नुकसान करतो. केशिकागुच्छात (नेफ्रॉनच्या सुरुवातीच्या गाळणीत) रक्त आणणारी धमनिका बाहेर नेणाऱ्या धमनिकेपेक्षा रुंद असते, आणि गाळण्यासाठी लागणारा दाब टिकण्यात या फरकाचा वाटा असतो. समतोल दिसावा म्हणून तुम्ही दोन्ही सारख्या जाडीच्या काढल्या, तर चित्र देखणं होईल आणि धडा चुकेल. तयार चित्रसंग्रहातून उचललेल्या आकृत्यांतही असे सुंदर घोटाळे असतात. आकृती प्रमाणात नसेल, तर कोपऱ्यात ‘प्रमाणात नाही’ असं लिहा.

संहितेवर मॅडमची मान्यता लेखी आली की ॲनिमॅटिक करा: फोनवर वाचलेलं कच्चं निवेदन आणि त्यावर पेन्सिलीची स्थिर चित्रं. ४ मिनिटांच्या ॲनिमॅटिकला एक दिवस पुरतो. तो मुद्दाम कच्चा दिसू द्या. रंग भरलेला असला की बघणारा रंगावर बोलतो, पेन्सिलीचं चित्र दिसलं की आशयावर बोलतो. सूचना घेण्यासाठी एकच सामायिक तक्ता ठेवा, रकाने चार: वेळ, सूचना, कारण, निर्णय. ‘मधला भाग जरा कंटाळवाणा’ अशी सूचना आली, तर ‘किती मिनिटं किती सेकंदांपासून?’ असं विचारा. निरोप्या ॲप्सवर आलेल्या व्हॉइस नोट्सही याच तक्त्यात उतरवून घ्या, नाहीतर तिघांपैकी एकालाच माहीत असलेली सूचना हमखास राहून जाते.

अंतिम आवाज ॲनिमेशनच्या आधी ध्वनिमुद्रित करा. हालचाल आवाजावर बसवायची असते, उलटं केलं की प्रत्येक की-फ्रेम (हालचालीचा ठरवलेला बिंदू) सरकवावी लागते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, आणि बोलताना शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील अशी पातळी लावा. माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला असावा. समोर धरला, तर प, फ, ब, भ यांचा फुत्कार थेट आत जातो. माइकच्या किमतीपेक्षा खोली महत्त्वाची. वर्गातल्या उघड्या भिंतींचा घुमणारा आवाज नंतर कोणत्याही फिल्टरने नीट निघत नाही. पडदे, पुस्तकांची कपाटं, गाद्या असलेली लहान खोली शोधा, पंखा आणि एसी बंद करा. वीतभर अंतरावरचा साधा फोन दोन मीटरवरच्या भारी माइकपेक्षा चांगलं ऐकतो. शेवटी त्याच खोलीची नुसती शांतता ३० सेकंद मुद्रित करा, संकलनात वाक्यांमधल्या फटी भरायला ती लागते. प्रत्येक परिच्छेदाची वेगळी फाइल ठेवा, म्हणजे एक वाक्य बदललं तर तेवढाच तुकडा पुन्हा घेता येतो. पुन्हा घेताना खोली, माइक आणि अंतर तेच ठेवा, नाहीतर ठिगळ ऐकू येतं. तयार आवाजाची पातळी सगळ्या व्हिडिओंत सारखी हवी. मी स्टीरिओसाठी उणे १६ लफ्स (ऐकू येणाऱ्या पातळीचं एकक) आणि ट्रू पीक (सर्वोच्च शिखर) उणे १ डेसिबल ठेवतो.

मॅडमना फोनवर चित्रित करणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांभाळा. फोन आणि काही स्क्रीन रेकॉर्डर बदलता फ्रेम दर वापरतात. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले दिसतात आणि शेवटाकडे हळूहळू सुटतात. संकलनाआधी फाइल हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ किंवा ३० फ्रेमवर बदलून घ्या. सगळ्या प्रकल्पाला एकच दर ठेवा.

चित्राबद्दल. १९२० गुणिले १०८० च्या चौकटीत ४० पिक्सेलपेक्षा लहान अक्षर वापरू नका. बरेच विद्यार्थी फोनवर बघतील आणि मॅडम प्रोजेक्टरवर दाखवतील. प्रोजेक्टरवर फिकट करडा आणि फिकट पिवळा दिसेनासे होतात, एक पिक्सेलच्या रेषा गायब होतात. अक्षर आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट किमान ४.५ : १ ठेवा, मोठ्या अक्षरांना आणि आकृतीतल्या महत्त्वाच्या रेषांना ३ : १ चालतो. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांतले हे आकडे आहेत आणि ते मोजून देणारी मोफत साधनं मिळतात. धमनी लाल, शीर निळी हा संकेत ठेवा, पण भेद एकट्या रंगावर सोडू नका; नाव किंवा बाणाचा वेगळा आकारही द्या. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही नको, अपस्माराच्या काही रुग्णांना त्याने झटका येऊ शकतो.

निवेदनातलं पूर्ण वाक्य पडद्यावर लिहू नका. ऐकणं आणि तेच वाचणं एकदम होत नाही, डोळे अक्षरांवर अडकतात आणि आकृती राहून जाते. पडद्यावर फक्त नाव येऊ द्या, तेही त्या भागाच्या शेजारी आणि तो शब्द उच्चारला जातो त्याच क्षणी. नावांची सूची कोपऱ्यात ठेवली की नजर सारखी ये-जा करते. पार्श्वसंगीत शीर्षकापुरतं ठेवा. समजावणीच्या खाली संगीत वाजवण्याचा मोह फार होतो, पण कठीण मजकूर ऐकताना ते फक्त आड येतं.

उपशीर्षकं चित्रात कायमची चिकटवू नका, वेगळी एसआरटी किंवा व्हीटीटी (उपशीर्षकांची) फाइल द्या, आणि त्यांच्यासाठी चौकटीचा खालचा सातवा भाग मोकळा सोडा. आपोआप तयार झालेली उपशीर्षकं तांत्रिक शब्दांवर हमखास घसरतात. तुमच्याकडे पक्की संहिता आहेच, तीच वेळेशी जुळवा. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतील. मॅडमच्या जुन्या नोट्स युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील, तर आधी रूपांतर करा आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं एकेक करून तपासा.

आफ्टर इफेक्ट्स किंवा प्रीमिअरमध्ये देवनागरी टाकल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर तो बहुधा फाँटचा दोष नसतो. मजकुराच्या सेटिंगमध्ये (त्याची जागा आवृत्तीनुसार बदलते) दक्षिण आशियाई लिपींना चालणारा पर्याय निवडावा लागतो. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये त्यासाठी परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय लावा. एकेक अक्षर उडत येण्याचे तयार इफेक्ट देवनागरीत टाळा, मात्रा मूळ अक्षरापासून सुटून वेगळी उडते. शब्द अख्खा आणा.

इंटरॲक्टिव्ह आकृतीआधी एक प्रश्न: विद्यार्थ्याने क्लिक केल्याने त्याला काय वेगळं कळणार? नुसतं ‘पुढे’ दाबायचं असेल, तर तो व्हिडिओच आहे. नेफ्रॉनच्या बाबतीत चांगला उपयोग म्हणजे रिकाम्या आकृतीवर नावं ओढून बसवणं आणि चुकल्यावर का चुकलं ते सांगणं. हे एचफाइव्हपी या साधनात कोड न लिहिता होतं आणि मूडल या अभ्यासक्रम-व्यवस्थेत (जिथे विद्यार्थी लॉगइन करून शिकतात) ते चालतं. माउसने ओढता न येणाऱ्यांसाठी कीबोर्डचा मार्ग चालतो का ते स्वतः तपासा. वेगळ्या साधनात बनवून स्कॉर्म पॅकेज (अशा व्यवस्थांत चालणारं ठरावीक स्वरूपाचं झिप) देणार असाल, तर दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, झिप करताना बाहेरचा फोल्डर झिप होतो आणि मॅनिफेस्ट फाइल (पॅकेजमध्ये काय काय आहे ते सांगणारी) एक पातळी आत जाते. ती झिपच्या मुळाशीच असावी लागते, म्हणून फोल्डर उघडा, आतल्या सगळ्या फाइल निवडा आणि मग झिप करा. दोन, स्कॉर्म १.२ मध्ये विद्यार्थ्याची प्रगती साठवायला फक्त ४,०९६ अक्षरांची जागा असते. मोठ्या मॉड्यूलमध्ये ती भरते, आणि ‘मी अर्धं केलं होतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं’ अशा तक्रारी येतात. मॉड्यूल लहान तुकड्यांत द्या. चाचणी शिक्षकाच्या खात्यातून करू नका, त्याला लपवलेलंही दिसतं. विद्यार्थ्याच्या खात्यातून, आणि फोनवरही करा.

हक्कांचं काम पहिल्या दिवसापासून करा, शेवटी ते होत नाही. बाहेरून घेतलेलं प्रत्येक चित्र, आवाज आणि फाँट एका तक्त्यात नोंदवा: नाव, कर्ता, कुठून घेतलं, परवाना. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात ‘एनडी’ (बदल नको) असेल, तर त्यावर तुमची लेबलं घालून केलेलं रूप प्रसिद्ध करता येत नाही. ‘एसए’ (त्याच अटींवर वाटप) असेल, तर तुमचं रूपही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. पाठ्यपुस्तकातली आकृती वर्गात दाखवणं आणि खुल्या संकेतस्थळावर टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यात सुरक्षित म्हणजे स्वतः काढलेली आकृती, आणि तुम्ही डिझाइनचेच विद्यार्थी आहात. पडदा मुद्रित करताना सूचना बंद ठेवा आणि विद्यार्थ्यांची नावं किंवा गुण दिसत नाहीत ना, ते फ्रेम थांबवून पाहा. श्रेयनामावलीत तुमची तिघांची नावं येतील आणि हे काम तुम्हाला पोर्टफोलिओत दाखवता येईल, ही दोन वाक्यं मॅडमकडून आत्ताच लिहून घ्या. मागायला संकोच वाटू देऊ नका.

दहा आठवडे असे वाटा: पहिले तीन संहिता आणि ॲनिमॅटिकला, चौथा ध्वनिमुद्रणाला, पाच ते आठ निर्मितीला, नववा चाचणी आणि चुकांना, दहावा हस्तांतरणाला. चारही संहिता पक्क्या होईपर्यंत थांबायला नको, पण पहिला व्हिडिओ पूर्ण करून पाच-सहा खऱ्या विद्यार्थ्यांना दाखवा, मगच बाकीचे रंगवा. त्यांना ‘आवडला का?’ असं विचारू नका. संहितेच्या डोक्यावर लिहिलेल्या वाक्यातलं काम, म्हणजे रिकाम्या आकृतीवर जागा दाखवणं, करून दाखवायला सांगा. तिघे एकाच ठिकाणी अडले, तर ती जागा पुन्हा आखा. जो व्हिडिओ चार वेळा बदललाय तो तूर्त बाजूला ठेवा आणि त्याचीच संहिता दोन रकान्यांत नव्याने लिहून मॅडमसमोर न्या, सुरुवातीला तेच सगळ्यात उपयोगी पडेल.

हस्तांतरणाला आठवडा फार वाटेल, पण वाटतं त्यापेक्षा जास्त लागतो. तुम्ही उत्तीर्ण झालात की तुमचं विद्यापीठाचं खातं आणि विद्यार्थी म्हणून मिळालेला सॉफ्टवेअरचा परवाना बहुधा बंद होतो आणि त्यातल्या फाइल कुणालाच उघडत नाहीत. म्हणून मूळ फाइल पहिल्या दिवसापासून विभागाच्या खात्यात ठेवा, आणि काम चालू असताना तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. देताना आफ्टर इफेक्ट्सचं ‘कलेक्ट फाइल्स’ किंवा इनडिझाइनचं ‘पॅकेज’ वापरा, म्हणजे जोडलेली चित्रं हरवत नाहीत. आकृत्या एसव्हीजीमध्येही (कुठेही उघडणाऱ्या रेषाचित्रांच्या स्वरूपात) द्या. २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे वेबवरच्या ॲनिमेशनचं जुनं तंत्र बंद झाल्यावर ज्यांच्याकडे मूळ चित्रं वेगळी नव्हती, त्यांना सगळं पुन्हा काढावं लागलं. व्हिडिओची एक उच्च दर्जाची मूळ प्रत आणि एक अपलोडसाठी एच.२६४ (फाइल लहान करणारं प्रचलित स्वरूप) मधली, १०८० ला साधारण ८ मेगाबिट प्रतिसेकंदाची. मूडलवर अपलोडची मर्यादा सर्व्हरवर ठरलेली असते, ती तांत्रिक विभागाला आधी विचारा. सोबत दोन पानांची माहितीफाइल: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणते फाँट आणि ते कुठून घ्यायचे, रंगांचे कोड, हक्कांचा तक्ता, आणि एखादं वाक्य बदलायचं असेल तर कोणती फाइल उघडायची. मग दुसऱ्याच कुणाच्या तरी संगणकावर, तुम्ही काहीही न सांगता, त्या फाइलीच्या आधाराने एक लेबल बदलून व्हिडिओ पुन्हा निर्यात करायला लावा. तो जिथे अडेल, ती ओळ माहितीफाइलमध्ये वाढवा.